गल्लीतली दहावी नोटीस

हमालानं रॅकवरचे पॅटर्न टेम्पोत नेऊन ठेवले आणि शेवटचा घ्यायला तो टेबलाशी आला. तो पॅटर्न अजून व्हाईसच्या जबड्यात आवळलेला होता. एका कडेला भरलेली पुट्टी ओली होती आणि जिनेंद्र मगदूमच्या हातात पॉलिशपेपर होता.

"तेवढा राहू दे," जिनेंद्र म्हणाला. "उद्या सकाळी पुरा करून देतो."

हमालानं मालकाकडं बघितलं. गल्लीतले फाउंड्रीवाले उदयसिंह इंगळे दारात उभे राहून चलनावर खुणा करत होते. मान वर न करता ते म्हणाले, "घे तसाच."

पॅटर्न म्हणजे ओतकामाचा नमुना. त्याचा ठसा वाळूत उमटवायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. पैसे देऊन जो पॅटर्न करून घेतो त्याच्या मालकीचा तो असतो, दुरुस्तीला कुणाकडंही पडलेला असो. शिरोली एमआयडीसीत कुणी कुणाला शिव्या दिल्या म्हणून नातं तुटत नाही, शिव्या तर मायेनंही दिल्या जातात. नातं तोडायचं असलं की टेम्पो येतो आणि पॅटर्न उचलले जातात. आणि पुट्टी ओली असताना पॅटर्न उचलणं म्हणजे पंगतीत बसलेल्या माणसाला भात वाढल्यावर उठवणं.

जिनेंद्रनं व्हाईस सैल केला.

"मालक, मी काय केलंय तेवढं तरी सांगा."

उदयसिंहांनी चलनाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"तू काय केलं न्हाईस म्हणूनच की, मगदूम," ते म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी केलंय."

टेम्पो गेला. ओली पुट्टी जिनेंद्रच्या अंगठ्याला लागली होती, ती तो बराच वेळ पुसत राहिला.

झालं होतं ते असं. त्या गल्लीत अकरा गाळे. त्यातल्या नऊ जणांच्या कंप्युटरवर एकाच परदेशी कंपनीचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर होतं आणि नवांपैकी एकानंही ते विकत घेतलेलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी हुपरीकडचा एक जण मोटरसायकलवरून येऊन पेनड्राइव्हनं घालून देऊन गेला होता. त्यानं दोन-दोन हजार घेतले, वर एक वर्षाची गॅरंटी दिली. चोरीच्या मालाला गॅरंटी देणारा माणूस भेटल्यावर कोल्हापूरचा माणूस आणखी काय विचारणार? खंडेनवमीला लेथ, ड्रिल, ग्राइंडर यांच्याबरोबर त्या कंप्युटरलाही झेंडूचा हार पडायचा. हळदीकुंकवाचं बोट नेमकं स्क्रीनच्या कोपऱ्यात, जिथं परवान्याची तारीख संपल्याची लाल पट्टी यायची, तिथं लावायची रीत पडली होती.

दहावा गाळा जिनेंद्रचा. त्याच्याकडं सगळंच मोकळं सॉफ्टवेअर, ज्याला मालक नाही, ज्याची आतली रचना कुणीही उघडून बघावी, बदलावी आणि पुढं द्यावी. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न किती मोठा ठेवायचा हे काढणारा एक छोटा प्रोग्राम त्यानं स्वतः लिहून इंटरनेटवर ठेवला होता. तो लिहिण्याचं कारणही गल्लीतलंच होतं. मशीनशॉपवाल्या बाळासो खोतांनी बाजारातून दुसऱ्याच्या पंपाची बॉडी आणून तिच्यावरूनच वाळूत ठसा मारला होता. लोखंड आकसतं हे गडबडीत राहून गेलं आणि अडीचशे बॉड्या तीन-तीन मिलिमीटर लहान निघून भंगारात गेल्या. जिनेंद्रनं प्रोग्राम केला, सीडीवर घातला आणि घरोघरी वाटला. कोइमतूरहून आणि ब्राझीलहून त्याला आभाराचे मेल आले. गल्लीत त्या सीड्या पाखरं यायची थांबावीत म्हणून दारात टांगल्या गेल्या.

"फुकट द्यायला तू काय महाप्रसाद घातलाईस?" बाळासो तेव्हा म्हणाले होते. "दोन हजार लाव. मग बघ कशी रांग लागती."

गंमत म्हणून म्हणाले, पण खोटं नव्हतं. जिनेंद्रला लोक हसत ते प्रेमानंच. मगदुमाचं पोर कांदा खात नाही आणि क्रॅक केलेली कॉपीही घेत नाही, एवढंच. खोट असलीच तर त्याच्यात ही होती, की तो बरोबर असला की ते त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. माणूस चुकलेला लोकांना चालतो. बरोबर असून ते दाखवणारा फार दिवस चालत नाही.

अकरावा गाळा वर्षाराणी पोवारचा. राधानगरीकडची, सव्वीस-सत्तावीसची, इंजिनिअर. इंटरनेटवरचे मोकळे आराखडे बघून तिनं थ्रीडी प्रिंटर स्वतः जोडला होता आणि लहान पॅटर्न ती प्लॅस्टिकमध्ये छापून द्यायची. बारा वर्षांत जिनेंद्रला मिळालेली ही एकमेव अनुयायी. त्याच्याकडून नवीन काही आलं की ती विचारत नसे काय आहे, आधी मशीनला लावायची.

सॉफ्टवेअर कंपनीच्या नोटिसा आल्या त्या दिवशी नऊच्या नऊ जण कागद घेऊन जिनेंद्रकडेच आले होते. पुण्याच्या वकिलाचं इंग्रजी, त्यात कंप्युटरचे नंबर, वापराच्या तारखा, अगदी तास-मिनिटं. आकडा प्रत्येकाला साडेतीन-चार लाखांचा. जिनेंद्रनं एकेकाचा कागद वाचून समजावून सांगितला. सॉफ्टवेअर स्वतःच इंटरनेटवरून आपल्या मालकाला कळवतं, हा आकडा म्हणजे मशीनचा नंबर, ही वेळ, हे कनेक्शन. मग त्यानं सगळ्यांच्या कागदांचे फोटो काढून ठेवले, नीट उत्तर द्यायला उपयोगी पडतील म्हणून. एवढं चांगलं समजावलं की संध्याकाळी चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, "ह्याला हे सगळं ठावं कसं?"

खबऱ्या ठरायला तेवढं पुरलं.

पॅटर्न गेले त्या रात्री घरी बायकोनं, प्रियदर्शनीनं, सगळं ऐकून घेतलं. ती पोळ्या लाटत होती, लाटत राहिली. मग म्हणाली, "ब्राझीलच्या माणसाचं नाव काय हो?"

"कुठल्या?"

"तो नाही का, दर दिवाळीला आभार मानतो. त्याला विचारा पॅटर्न करायचे आहेत का. इथं तर आता शेजारी चहाला बोलवायचे नाहीत."

जिनेंद्रनं ताट ओढून घेतलं. ती टोमणा मारते तेव्हा तिचं बरोबर असतं हे त्याला लग्नापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाळासोंकडं गेला. जेवणाची सुट्टी होती, मशीनं बंद होती. बाळासो खुर्चीत बसून दातकोरणीनं दात कोरत होते. साठी उलटलेला माणूस, गल्लीत भांडण झालं की निवाडा त्यांच्याच दारात. जिनेंद्रनं फोनमधले नोटिशीचे फोटो एकामागून एक दाखवले. नऊ नोटिसांत कनेक्शनचा नंबर एकच होता.

लॉकडाऊननंतर बिलं, चलनं सगळं ऑनलाइन झालं, तेव्हा बाळासोंनी एक मोठं कनेक्शन घेऊन वायफायचा डबा छतावर लावला होता आणि पासवर्ड बाकीच्या आठ जणांना वाटला होता. जिनेंद्रलाही देत होते. एकाच्या नावाचं कनेक्शन दहा जणांनी वापरणं नियमात बसत नाही म्हणून त्यानं तो घेतला नव्हता. वर्षाराणी आल्यापासून मोबाइलवरच भागवत होती. डब्याआधीची नऊ-दहा वर्षं ते कंप्युटर इंटरनेटला कधी लागलेच नव्हते, म्हणून सॉफ्टवेअर गप्प होतं. डबा लागला आणि त्याला तोंड फुटलं.

"कुणी खबर दिलेली न्हाय, दादा," जिनेंद्र म्हणाला. "तुमच्या वायफायमधनं गेलंय सगळं."

बाळासोंनी दातकोरणी खिडकीतून बाहेर टाकली.

"ठावं हाय मला."

जिनेंद्रनं फोन खिशात ठेवला.

"माझा पोरगा पुण्याला कंप्युटरच्याच धंद्यात हाय. पहिल्या दिवशीच सांगितलंय त्यानं."

"मग सांगा की सगळ्यांना."

"काय सांगू? बाळासो खोतानं फुकटचं नेट दिलं आणि नऊ घरं बुडवली?" ते शांतपणे बोलत होते, मालाचा भाव सांगावा तसे. "हे बघ जिनू. माझं नाव निघालं तर गल्ली मोडती. उद्या कोण कुणाचं ऐकायचं न्हाय, वकिलाला एकेकटे जाऊन भेटतील आणि तो एकेकाला कापंल. तुझं नाव निघालं तर एका माणसाचं काम जातंय. हिशेब तूच कर. तू शिकलेला हाईस."

"आणि मी हे फोटो दाखवले तर?"

"दाखव की. वाचून कोण सांगणार? तूच न्हवं?"

जिनेंद्र उठला. तो दारापर्यंत गेल्यावर बाळासोंनी मागून हाक मारली. त्यांचा आवाज आता खरोखरच मायेचा होता, आणि हेच त्यांच्यातलं वाईट होतं.

"एक वाट हाय. तुझ्याबी मशीनवर एक कॉपी टाकून घे. चौघांच्या देखत. मग कुणाच्या तोंडाला शब्द न्हाय राहायचा. उदयसिंहाला मी सांगतो."

दोन दिवस जिनेंद्र रिकाम्या रॅकसमोर बसला. दुसरे दोघे येऊन आपापले पॅटर्न घेऊन गेले. दोघांनीही नजर चुकवली, आणि एकानं जाताना त्याच्याकडून दोरी मागून घेतली. तिसऱ्या दिवशी त्यानं बाळासोंना फोन केला.

चौघे आले: बाळासो, उदयसिंह आणि पॅटर्न उचलून नेलेले ते दोघे. चहा सांगितला गेला. पेनड्राइव्ह बाळासोंनी आणला होता. खुर्च्या तीनच, म्हणून एक जण बंद मशीनवर टेकला. साखरपुड्याला मुलाकडची माणसं जमावीत तसं सगळं जरा अवघडलेलं आणि जरा आनंदाचं होतं.

"आधी वायर काढ नेटची," बाळासो म्हणाले. "आता समद्यांनीच नेट तोडलंय."

जिनेंद्रनं वाकून वायर काढली.

स्क्रीनवर पहिलंच पान आलं ते कराराचं. बारीक अक्षर, खाली दोन चौकटी: मान्य, अमान्य. गल्लीतल्या नऊ जणांपैकी कुणी त्या पानावर एका श्वासापेक्षा जास्त थांबलं नव्हतं. जिनेंद्र वाचायला लागला. एक पान सरकवलं, दुसरं सरकवलं. चहा आला. उदयसिंहांनी दोन घोट घेतले.

"काय लिव्हलंय एवढं?"

"हे आपण विकत घेत नाही असं लिहिलंय," जिनेंद्र म्हणाला.

"आपण कुठं घेतोय?" मशीनवर टेकलेला म्हणाला आणि सगळे हसले.

"पैसे भरणारासुद्धा. फक्त वापरायची परवानगी. ती ते कधीही काढून घेऊ शकतात. आणि आपण काय करतोय ते बघायचा त्यांना हक्क."

उदयसिंहांनी ग्लास खाली ठेवला. "म्हणजे चार लाख भरूनबी ते आपलं न्हाय?"

"न्हाय."

"मग चोर कोण म्हणायचा?"

जिनेंद्रच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं आलं, बरोबर असल्याचं. बारा वर्षं हेच सांगत होतो, असं तो म्हणणार होता. पण समोरचे चौघे प्रसन्न झाले होते ते दुसऱ्याच कारणानं. विकत घेणारा मूर्ख ठरला म्हणजे आपण शहाणे ठरलो, एवढाच अर्थ त्यांनी त्या करारातून काढला होता. त्यानं मान्य दाबलं.

बाळासोंनी पाठीवर थाप मारली. उदयसिंह उठता उठता म्हणाले, पॅटर्न सकाळी पाठवून देतो, आणि तो पुट्टीवाला आधी कर, सोमवारी ओतायचाय.

ते गेल्यावर जिनेंद्रनं चारही ग्लास विसळून टपरीवाल्याच्या जाळीत ठेवले. मग परत आला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्यानं एक साधा चौकोन काढला, त्याला उंची दिली, जतन केला. टेबलाखाली वाकून वायर पुन्हा लावली आणि कंप्युटर तसाच चालू ठेवला.

त्याचा विचार अगदी सरळ होता, म्हणजे त्याच्यासारखाच. त्याचं कनेक्शन स्वतःच्या नावाचं. त्याच्याकडं कॉपी आहे हे सांगणारा कुणी नाही. पाहिलेल्या चौघांना आपापल्या नोटिसांनीच पुरे झालं होतं. तरीही नोटीस आली, तर खबऱ्या नसतो, सॉफ्टवेअरच बोलतं, हे कागदावर सिद्ध होईल. साडेतीन लाखांत माणसाचं नाव परत येत असेल तर तो भाव बरा की वाईट, हे त्यानं प्रियदर्शनीला विचारलं नाही. तिनं उत्तर दिलं असतं.

एकोणीस दिवसांनी मेल आला. पुण्याचा तोच वकील, तेच इंग्रजी. तारीख, तास, मिनिटं: चौघे गेल्यानंतरची. कनेक्शनचा नंबर वेगळा, जिनेंद्रच्या स्वतःच्या नावाचा. आकडा तीन लाख साठ हजार. त्यानं दोन प्रती छापल्या, एकीवर तो नंबर पिवळ्या पेननं रंगवला आणि टपरीवर गेला. उदयसिंह, बाळासो आणि आणखी तिघे बाकावर होते.

त्यानं कागद पुढं धरला.

"तुलाबी आली?" उदयसिंह म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी बाकावरची टोपी उचलून मांडीवर घेतली आणि जागा केली. "बस की. अरे, एक कटिंग वाढीव दे."

कागद हातोहात फिरला. पिवळा नंबर प्रत्येकानं बघितला आणि पुढं सरकवला. एकानं तर रंग चांगला आहे म्हटलं. जिनेंद्र समजावून सांगायला लागला, की माझं कनेक्शन वेगळं आहे, माझ्याबद्दल गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, मग कळलं कसं याचा विचार करा. त्याचं ऐकताना सगळ्यांनी माना हलवल्या. खरंच विचार करत होते. बऱ्याच दिवसांनी गल्लीनं त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग बाळासो म्हणाले, "म्हंजे जिनू न्हवता. आपण उगच पोराला तरास दिला."

"व्हय की," उदयसिंह म्हणाले.

"म्हंजे खबऱ्या अजून गल्लीतच हाय."

जिनेंद्रनं बाळासोंकडं बघितलं. बाळासो चहात बघत होते.

नोटिसा कुणाकुणाला आल्या याची पुन्हा मोजदाद झाली. दहा. गाळे अकरा. ती पोवारची पोरगी येऊन वर्षच झालंय की, एक जण म्हणाला. दिवसभर फोनवर असती, दुसरा म्हणाला. परवा पुण्याची गाडी लागली होती तिच्या दारात. ती गाडी प्रिंटरचं सामान देणाऱ्याची होती, हे जिनेंद्रला माहीत होतं. त्यानं ते सांगितलंही. कुणी खोडून काढलं नाही, फक्त कुणी त्याच्याकडं बघितलं नाही.

"माझे चार-पाच पॅटर्न हाईत तिच्याकडं प्रिंटला," उदयसिंह म्हणाले. "उद्या टेम्पो पाठवून उचलतो."

"थांब की जरा," बाळासो म्हणाले. "पोरीची जात. उगच पोटावर पाय नको." त्यांनी शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि जिनेंद्रच्या मांडीवर ठेवला, अगदी अलगद. "तुझं ऐकती ती. तूच जा. एक कॉपी टाकून दे, आपल्यातली होऊ दे. मग कुणाचं काय म्हणणं न्हाय राहायचं."

सगळे जिनेंद्रकडं बघत होते. त्याच्या चहाचे पैसे उदयसिंहांनी आधीच दिले होते.

वर्षाराणीच्या गाळ्याचं शटर निम्मं वर होतं. आत प्रिंटर चालू होता. प्लॅस्टिकचा बारीक धागा थरावर थर चढवत होता आणि कडेला एका पंखाचा आकार उभा राहत होता. ती स्टुलावर बसून डबा खात होती. जिनेंद्र वाकून आत आला तशी उभी राहिली.

"सर, तुमचं पॅटर्नचं काम परत सुरू झालं म्हणे. बरं झालं."

"हं."

"मी म्हटलंच होतं, चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील."

जिनेंद्रनं खिशातला हात बाहेर काढला. मुठीत पेनड्राइव्ह होता. त्यानं मूठ उघडली नाही. प्रिंटरचा एक थर पूर्ण झाला, मशीन क्षणभर थांबलं आणि पुढचा सुरू झाला.

तिला मुठीतून बाहेर आलेलं टोक दिसलं.

"नवीन काढलंत होय?" वर्षाराणी म्हणाली. तिनं ओढणीला बोटं पुसली, कंप्युटरसमोरचा डबा बाजूला सारला आणि हात पुढं केला.